चोवीस झाकणं

आजोबांना हरायचं होतं. पण प्रामाणिकपणे! सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

गृहस्थ चाळीस वर्षं क्रिकेटचे पंच. सख्ख्या मुलाला पहिल्याच चेंडूवर पायचीत देऊन परत पाठवणारे. मागच्या भेटीत ते पाच वर्षांच्या नातीबरोबर, म्हणजे ठकीबरोबर, लुडो खेळायला बसले आणि तिची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी त्यांनी मारली. एकदा नाही, तीनदा! ठकीने भोकाड पसरलं, पट उलटा केला आणि जाहीर केलं, "आजोबांशी मी कध्धीच खेळणार नाही." तेव्हापासून फोनवरही ती फक्त आजीशीच बोलायची. आता रविवारी ती येणार होती आणि आजोबांना घास गोड लागत नव्हता.

"अहो, एकदा मुद्दाम हरा की," आजी म्हणाली. "आभाळ कोसळणार आहे का?"

"मुद्दाम? लबाडी झाली ती!"

"मग बसा कोडी सोडवत एकटेच."

शनिवारी खेळण्यांचं दुकान उघडायच्या आधीच स्वारी पायरीवर हजर. "पाच वर्षांची मुलगी मला खरोखर हरवेल, असा खेळ द्या," त्यांनी दुकानदार बाईंना सांगितलं.

बाईंनी सापशिडी काढली.

"छे! फाशाच्या मेहेरबानीने जिंकली, तर त्यात तिचं काय?"

मग गळाने मासे पकडायचा खेळ आला. आजोबांचा हात हल्ली थरथरायचा; अशा हाताला हरवण्यात तिचं काय कौतुक, म्हणून तोही बाद. तिसऱ्या खोक्यात नियमांचंच बारा पानी पुस्तक निघालं. "हे वाचून होईपर्यंत पोरगी झोपेल हो," आजोबा वैतागले.

बाईंनी त्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि खालच्या फळीवरून एक पट काढला. पटावर चोवीस झाकणं, प्रत्येकाखाली एक प्राणी. एका वेळी दोन झाकणं उघडायची. जोडी जमली तर आपली, नाहीतर पुन्हा बंद.

"लक्षात ठेवायचं, एवढंच?" आजोबा हसले. "वीस वर्षांपूर्वीचे सामने मला तोंडपाठ आहेत, बाई!"

"बसा मग."

काउंटरवरच डाव रंगला. बाईंच्या नऊ जोड्या, आजोबांच्या तीन. "आणि मला पाच वर्षांची पोरं लोळवतात," बाई म्हणाल्या. एवढा सपाटून मार खाऊन इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

रविवारी ठकी आली ती गाल फुगवूनच, आजीला चिकटून बसली. आजोबा एकटेच पट मांडून झाकणं उघडत राहिले. "घुबड कुठं होतं बरं?" ते पुटपुटले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

ठकीला ते बघवेना. "तिथे नाही, कोपऱ्यात!" म्हणत ती येऊन बसली. नव्याने डाव मांडला गेला.

आजोबा जीव तोडून खेळले. ठकीच्या आठ जोड्या झाल्या तरी त्यांची एकच. हरायलाच तर बसले होते, तरी मनात कुठेतरी टोचलंच. एवढंही लक्षात राहू नये? त्यांचा चेहरा उतरला.

ठकीने तो चेहरा पाहिला. "आजोबा, पाणी प्या ना," ती एकदम म्हणाली.

ते मागच्या तांब्याकडे वळले. आणि त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं: ठकीने दोन झाकणं हळूच किलकिली करून ठेवली. दोन्हीकडून बदकाची पिवळी चोच बाहेर डोकावत होती.

धडधडीत लबाडी! चाळीस वर्षांच्या सवयीने बोट वर जायला निघालं. आजोबांनी ते तसंच खाली वळवलं आणि झाकणावर टेकवलं.

"बदक!" ते ओरडले. "आणि हे दुसरं बदक!"

"बघा, जमतंय की तुम्हाला!" ठकीने टाळ्या पिटल्या. "अजून एक डाव खेळायचा?"

दारात उभी राहून आजी सगळं बघत होती. "काय हो पंच," ती म्हणाली, "हे नियमात बसतं वाटतं?"

"मला काही दिसलं नाही," आजोबा म्हणाले आणि दुसऱ्या डावासाठी झाकणं लावायला लागले.