टपाल आधी, चावडी नंतर

मी टपाल वाचणारा प्रोग्राम बोलतोय. मला हातपाय नाहीत, रूपरंग नाही. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं, एवढाच माझा देह.

सत्त्याण्णव साली धुळ्याच्या लीलाधरनं मला फ्लॉपीतून पिंप्राळ्याला, आपल्या बहिणीच्या घरी आणलं. बहीण यशोदाबाई. त्यांची कुंदा लग्न होऊन अमेरिकेला गेलेली. तिची पत्रं फोनच्या तारेवरून यावीत म्हणून हा खटाटोप. यशोदाबाईंनी त्या फ्लॉपीलाही हळदकुंकू वाहिलं. म्हणाल्या, "माझ्या लेकीचा निरोप आण रे बाबा." वाटलं, जन्माचं सोनं झालं.

कसलं सोनं! पत्रांबरोबर न्यूजग्रुपही आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. न्यूजग्रुप म्हणजे जगाची उघडी चावडी. कुणीही यावं, काहीही लिहावं. यशोदाबाईंचे यजमान गिरधरभाऊ तिथे केळीवरच्या रोगाची माहिती शोधायला गेले आणि भांडणं वाचत बसले. शिकलीसवरली माणसं, पण थेट आईबहिणीवर जायची. एकानं ओकायचं, दुसऱ्यानं ते सगळं पुन्हा उतरवून खाली 'मलाही असंच वाटतं' एवढंच जोडायचं. शी! ते सारं माझ्या पोटातून जायचं. 

त्यात मला शिकवण अशी, की आधी चावडी गोळा करायची, टपाल शेवटी. तो ढीग उपसून होण्याआधीच लाइन तुटायची. टपाल तिकडेच राहायचं.

इकडे कुंदाचे दिवस भरले होते. लेक सुखरूप सुटल्याची खबर येईपर्यंत मीठ खायचं नाही, असं व्रत यशोदाबाईंनी धरलं. अळणी वरण, अळणी भाकरी. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून विचारायच्या, "अहो, आलं का काही?"

"नाही. ती फोन करेल की!"

फोन लागणार कसा? लाइनवर घाण उपसत मीच बसलेला!

एकादशीला त्या पडद्याजवळ आल्या, चार ओळी वाचल्या आणि तोंडाला पदर लावला. "देवघराला लागून हे? आजच्या दिवस तरी बंद ठेवा." गिरधरभाऊंनी ओशाळून मला पुरतं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी लीलाधर आला. बहिणीचं ताट बघून म्हणाला, "आक्का, मीठ संपलं का?" व्रत कळलं, घाणीपायी मला बंद ठेवल्याचंही कळलं, तसा तो घास खाली ठेवून म्हणाला,

"अगं, पण घाण वेगळी, टपाल वेगळं!"

"मग एका कढईत कशाला? उपासाचं आणि कांद्याचं मी एकत्र करते का?"

"याले बठ्ठं सारखंच शे, आक्का. याले सांगनं पडस." खरंच, मला सगळं सारखंच; सांगावं लागतं.

"कुणाला? याला, की तुझ्या दाजींना?"

लीलाधर हसत उठला. त्यानं माझी सेटिंगची फाइल उघडली. टपाल कुठून आणायचं ते वेगळं लिहिलं, चावडी कुठून ते वेगळं. टपाल आधी आणि एकटं. चावडी सांगितली तरच. माझ्या पोटात मधोमध भिंत उभी राहिली. स्वच्छ पाण्यानं चूळ भरल्यासारखं झालं.

लाइन जुळली आणि कुंदाची साठलेली पत्रं भराभर उतरली. गिरधरभाऊ वाचू लागले. "आई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत." पुढचं, "फोन सारखा एंगेज लागतो." आणि शेवटचं, "आई, मुलगी झाली म्हणून रागावलीस का? उत्तर का देत नाहीस?"

गिरधरभाऊंना पुढे वाचवेना. चष्मा काढून ते रडू लागले.

यशोदाबाईंनी डोळे पुसले. "रडताय काय? आधी तिला लिहा. लिहा, आजी आता मीठ खायला बसतेय."

आज मला चालवणारं मशीन उरलं नाही. माझी फ्लॉपी देवघराच्या फळीवर आहे, हळदीच्या बोटांसकट. चावडी मात्र अजून ओकते म्हणे, नव्या रंगीत पडद्यांवर. ऐकूनच शिसारी येते. तुम्हाला ती बघायचीच असेल तर बघा. पण घरची हाक आधी येऊ द्या. तिच्याआधी ती घाण घरात घेतली, म्हणून एक बाळंतीण परमुलखात आईच्या दोन शब्दांसाठी झुरत राहिली.