सुईपुढचे झाकण

मी एक जुने शिलाई मशीन आहे. एका मोठ्या कारखान्यात, तिसऱ्या रांगेत, खिडकीपासून लांब माझी जागा आहे. मित्रांनो, तुमच्या शर्टाची कॉलर कदाचित माझ्याच सुईखालून गेली असेल.

नवे होते तेव्हा माझे फार कौतुक झाले. मेकॅनिककाका मला वाघ म्हणत. माझ्या सुईपुढे बोटे वाचवणारे प्लास्टिकचे झाकण होते. पण झाकण असले की हात सावकाश चालतो आणि कॉलरी कमी निघतात, म्हणून सुपरवायझरने ते पहिल्याच आठवड्यात काढायला लावले. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

आधी माझ्यापुढे इथे काम करणाऱ्या दोघी बहिणींतली धाकटी बसायची. एकदा घाईत माझी सुई तिच्या बोटातून आरपार गेली. ते बोट पुन्हा नीट वाकले नाही आणि तिचे काम सुटले. आता थोरली बसते, आणि घर तिच्या एकटीवर आहे.

मागच्या आठवड्यात शर्ट विकणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. त्यांच्यासाठी काकांनी सकाळी घाईघाईने सगळीकडे नवी झाकणे बसवली होती. माझ्या झाकणावर चिकटवलेला पातळ कागद सोलायचा मात्र राहून गेला. बाई नेमक्या माझ्यापाशी थांबल्या.

"ताई, हे झाकण रोज असतं?" त्यांनी विचारले.

"असतं की. ओरखडे पडू नयेत म्हणून कागद ठेवलाय," थोरली म्हणाली.

मला तिचा राग आला, आणि लगेच वाईटही वाटले. खरे सांगितले असते, तर कंपनीने ऑर्डर दुसरीकडे नेली असती आणि आख्खी रांग घरी बसली असती. बाईंनी आपल्या यादीत खूण केली. त्या गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधीच झाकणे खोक्यात गेली.

"खरं सांगायचं होतंस पोरी," काका पुटपुटले.

"तुम्ही सांगितलं असतंत?"

काका तेलाची बाटली घेऊन पुढच्या मशीनकडे वळले.

मित्रांनो, माझी विनंती आहे. आमचा शर्ट पाहून नुसते तोंड फिरवू नका, त्याने थोरलीचे कामच जाईल. दुकानात विचारा, कंपनीला पत्र लिहा. न सांगता तपासायला या म्हणावे, आणि चूक सापडली तर ऑर्डर काढून न घेता झाकण बसवायला लावा म्हणावे. पण जरा लवकर विचारा. उद्या सकाळी थोरली पुन्हा माझ्यापुढे बसेल. सुई माझी आहे, पण मला स्वतःहून थांबता येत नाही.