होझियाचा खंदक

दक्षिणेकडच्या बंडखोरांची फौज ओहायो नदीकडे येतेय म्हटल्यावर आमच्या गावातले झाडून सगळे बाप्ये खारी मारायच्या बंदुका घेऊन सिनसिनाटीला धावले. महिनाभराचे सैनिक आम्ही, पण कॅप्टन मात्र रीतीप्रमाणे मतं घेऊनच निवडला. गिरणीवाला एल्डाड निवडून आला. दळण कुणाला चुकलंय?

कर्नलसाहेबांनी टेकडीवर खंदक खणायला सांगितला. एल्डाडनं आम्हाला कामाला जुंपलं. लोहार होझिया तेवढा झाडाच्या बुंध्यावर बसून राहिला.

"मी तुला मत दिलंच नव्हतं," तो म्हणाला.

"मग परत घेऊ मतं," एल्डाड म्हणाला.

तोवर आमच्या तळहातांना फोड आले होते. आम्ही एकजात होझियाच्या मागं जाऊन उभे राहिलो. एल्डाडनं कॅप्टनचा पट्टा सोडून त्याच्या कमरेला बांधला.

"चला, उचला कुदळी," होझिया छाती फुगवून म्हणाला.

एल्डाड त्याच बुंध्यावर टेकला. "मी कुठं तुला मत दिलंय?"

"आणि आम्ही दिलंय ते खणायला लागू नये म्हणून," आम्ही म्हणालो.

संध्याकाळी कर्नलसाहेब येणार होते. होझियानं चडफडत डगला काढला आणि स्वतःच खणायला लागला.

साहेब आले तेव्हा अख्खी पलटण पाय पसरून पाइप ओढत होती. त्यांचा पारा चढला.

"तुमचा कॅप्टन कुठं आहे?"

आम्ही खंदकाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी टोपी काढली. "असा कॅप्टन मी अख्ख्या फौजेत पाहिला नाही. लढाई संपेपर्यंत हाच राहील."

खंदकातून आवाज आला, "साहेब, माझं मत एल्डाडला."