बैलाने मारलेला वाघ

साकोलीच्या वनखात्याच्या त्या कार्यालयात चार महिन्यांत इश्वरभाऊंना कोणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं, आणि नेमका त्यामुळेच माणूस खंगत चालला होता.

त्याआधीची अठ्ठावीस वर्षं ते दोन ठिकाणची बोलणी खाऊन धडधाकट राहिले होते. घरी बायको आणि कचेरीत जो कोण साहेब असेल तो. ओला टॉवेल गादीवर पडला की बायको सुरू व्हायची, ती डबा हातात देईपर्यंत. तिथून पुढचा कार्यभार साहेब सांभाळायचे. सध्याचे टेंभुर्णे साहेब तर या कामात सगळ्यांत सरस. त्यांचा आवाज बसस्टँडपर्यंत जातो, असं लोक म्हणत. मग पावसाळ्याच्या तोंडावर तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि बायको गेली. घर मुकं झालं. तेरवी उरकून इश्वरभाऊ कामावर आले ते एकाच आशेने, की निदान इथे तरी कोणी आपल्यावर खेकसेल.

तर साहेब चक्क खुर्चीतून उठून उभे राहिले. "या, इश्वरभाऊ," म्हणाले. एरवी 'ए इश्वर'च्या पलीकडे हा माणूस कधी गेला नव्हता.

त्या दिवसापासून सगळी कचेरी त्यांच्याभोवती चवड्यांवर चालू लागली. त्यांची खुर्ची पंख्याखाली गेली. आवक-जावक सांभाळणारी भावना खळखळून हसता हसता त्यांना पाहून एकदम गप्प होई. ड्रायव्हर कैलाशला बायकोचा फोन आला की तो मोबाइल छातीशी धरून अंगणात पळे, जणू बायको असणं हाच त्याचा गुन्हा. घरी तर ती नाही हे कळतच होतं. पण इथे दर पाच मिनिटांनी कोणीतरी हळू बोलून त्यांना ते नव्याने कळवत होतं. इश्वरभाऊंना याचा भयंकर राग येई, आणि इतक्या भल्या माणसांवर रागवायचं तरी कसं?

म्हणून त्यांनी चुका करायला घेतल्या. दोन तास उशिरा आले. साहेब म्हणाले, "घाई काहून केली?" शिक्का उलटा मारला. साहेबांनी कागदच उलटा धरून वाचला. शेवटी त्यांनी मोठा डाव टाकला.

जंगलालगतच्या गावांत वाघाने गुरं मारली की त्यांचे पंचनामे या कार्यालयातून निघत आणि त्यांचा मजकूर इश्वरभाऊ लिहीत. डोमा नावाच्या शेतकऱ्याचा बैल वाघाने नेला होता. इश्वरभाऊंनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'सदर बैलाने पहाटेच्या सुमारास झुडपात दबा धरून वाघावर अचानक हल्ला केला व त्यास जागीच ठार केले.'

कागद साहेबांपुढे ठेवून ते दाराशी कान टवकारून उभे राहिले. पण त्यांचं लेखन तपासणं साहेबांना हल्ली निर्दयपणाचं वाटे. त्यांनी न वाचता सही ठोकली. दुसरा दिवस सुट्टीचा, म्हणून भावनाने त्याच दुपारी नक्कल डोमाच्या गावी धाडून दिली. इतक्या चपळाईने त्या कचेरीतून आजवर काहीच बाहेर पडलं नव्हतं. इश्वरभाऊंना ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

सोमवारी डोमा आला. कागद हातात गुंडाळलेला, धोतराला चिखल.

"इश्वर बाबू कोन हाय?"

"मीच."

"माया बैलानं वाघ मारला? गावातले पोट्टे मले वाघाचं कातडं मांगून राहिले. सरपंच म्हन्ते, वाघ मारनं गुन्हा हाय, डोमा, तू आता आत जाशीन. अकरा वर्सं माया खांद्याले खांदा लावून राबला तो बैल. कुत्रं भुकलं तरी धानाच्या बांधीत पडे, एवढा भित्रा. अन् तू त्याले दबा धराले लावला?"

भावना धावत आली. "काका, हळू बोला. त्यांच्या मिसेस वारल्या."

"कधी?"

"चार महिने झाले."

"माया बैलाले सा दिवस झाले," डोमा म्हणाला आणि इश्वरभाऊंकडे वळला. "बायको मेली म्हून मेल्या जनावराच्या नावानं खोटं लिवाचं? तिनं हे पाहालं असतं तं तुले जेवाले देल्लं असतं का?"

कैलाशने डोमाचा दंड धरला.

"सोड त्याले," इश्वरभाऊ म्हणाले. "बरोबर बोलून राहिला तो. नसतं देल्लं. रुखमानं ताट उचलून नेलं असतं."

तिचं नाव त्यांनी उभ्या संसारात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. 'अवं' म्हटलं की ती ओ देई. आता ते नाव सगळ्यांसमोर निघालं आणि इश्वरभाऊ टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. तेरवीलाही न आलेलं रडणं. डोमाही बाकावर बसला आणि आपल्या बैलासाठी उपरण्याने डोळे पुसू लागला. दोघांनी एकमेकांना गप्प केलं नाही.

गलबला ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"हे तुम्ही लिवलं, इश्वरभाऊ?"

"मुद्दाम लिवलं साहेब. तुमी काही बोलान म्हून."

"मुद्दाम?"

आणि चार महिन्यांचं तुंबलेलं एकदम सुटलं. "हे ऑफिस हाय का दंडारीच्या सोंगांचा मांडव? बैल दबा धरते? माया सहीनं? त्या मानसाले किती मनस्ताप! आत्ताच्या आत्ता नवा पंचनामा लिव, अन् एक काना जरी चुकला ना इश्वर, तं तुले याच टेबलाले बांधून ठेवतो!" बसस्टँडवरचे दोघेतिघे खिडकीशी येऊन उभे राहिले. इश्वरभाऊ मान खाली घालून, हात जोडून ऐकत होते. त्यांना सपाटून भूक लागली होती.

दम लागून साहेब थांबले. त्यांची नजर इश्वरभाऊंच्या ओल्या डोळ्यांवर गेली आणि चेहरा हळूहळू विरघळू लागला. "जाऊ द्या," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्यावर एवढा परसंग..."

इश्वरभाऊ घाबरले.

"साहेब," ते घाईने म्हणाले, "मागच्या आठवड्याचे दोन पंचनामे तं मी अजून लिवलेच नाई."

साहेबांनी पुन्हा छातीत दम भरला.