लाल म्हणजे जुळी

शेवटी कळप साहेबाला मिळाला. हे एकदाचं सांगून टाकलं, आता विसरून जायचं. घरातही सगळे तसंच करत होते. अजून काहीच ठरलेलं नाही, सगळं मेंढ्यांच्या हातात आहे, असं बाबा रोज सकाळी चहाबरोबर म्हणायचे, आणि मेंढ्यांना हात नसतात हे त्यांच्या लक्षात आणून द्यायची कोणाची छाती नव्हती.

साहेब म्हणजे धाकटा भाऊ. एका विमा कचेरीत दोन वर्षं काढली म्हणून त्याला हे नाव पडलं. तिथून तो घरी परतला तेव्हा त्याच्याकडे लॅमिनेशनचं यंत्र होतं आणि 'सिस्टिम' हा शब्द होता. थोरली बहीण, म्हणजे ताई, अकरा वर्षं मेंढ्या बघत होती. तिच्याकडे लोकर कातरायची कात्री होती.

खुबा मोडल्यापासून बाबा खिडकीशी पलंगावर पडून असत. खिडकीतून अर्धी शेड दिसायची, आणि त्या अर्ध्या शेडवरून ते पूर्ण मत द्यायचे. एक दिवस त्यांनी दोघांना बोलावून जाहीर केलं, "या वेताला मेंढ्यांची बाळंतपणं जो नीट पार पाडेल, कळप त्याचा. मला भांडणं नकोत."

ताईला आधी हसू आलं. अकरा वर्षं ती एकटीच धावत होती, आणि आता शेवटच्या वळणावर कोणीतरी गाडीतून उतरून तिच्या शेजारी उभं राहिलं होतं, तेही इस्त्रीच्या शर्टात. मग हसू गेलं. तिला दुसरं काही काम येत नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं. कळप गेला तर ती या घरात नेमकी कोण, हे तिला सांगता आलं नसतं.

मेंढ्या साठ. व्यायला सहा आठवडे राहिले की सोनोग्राफीवाला त्याचं यंत्र घेऊन येतो, एकेकीच्या पोटाला लावतो, पडद्यावर बघतो आणि पाठीवर रंगाचा ठिपका देतो. जुळी असतील तर एक रंग, एकच असेल तर दुसरा. काहीच नसेल तर ठिपका नाही आणि बाबांचं एक वाक्य, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या ठिपक्यावर सगळं चालतं. शेवटच्या सहा आठवड्यांत कोकरं पोटात इतकी जागा घेतात की मेंढीला नुसत्या गवतावर भागत नाही. जुळीवालीला रोज भरडा आणि पेंड द्यावी लागते, ती दर आठवड्याला वाढवत न्यावी लागते. नाही दिली तर ती अंगातली चरबी जाळते, रक्त नासतं, भिंतीकडे तोंड करून दात खात उभी राहते आणि मरते. एकटं कोकरू असलेलीला मात्र तोच खुराक दिला तर कोकरू इतकं वाढतं की ते बाहेरच येत नाही, आणि मग ती मरते. मरण्याच्या बाबतीत मेंढी कुठलीच अट घालत नाही.

दरवर्षी निळा म्हणजे जुळी, लाल म्हणजे एक. यंदा सोनोग्राफीवाल्याचा लाल डबा तळाला गेला होता. जुळी कमीच निघतील या अंदाजाने त्याने लाल रंग जुळ्यांना ठेवला आणि फाटकाशी उभ्या साहेबाला नीट सांगितलं, "साहेब, या खेपेला उलटं आहे हं. लाल म्हणजे जुळी. लिहून घ्या."

"ओके, डन," साहेब म्हणाला आणि मोबाइलमध्ये परत गेला. ताई तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकाला मेंढ्या पुढे ढकलत होती.

एकोणतीस लाल निघाल्या, अठ्ठावीस निळ्या, तीन कोऱ्या. संध्याकाळपर्यंत साहेबाने गेल्या वर्षीच्या वहीत बघून तक्ता छापला, लॅमिनेट केला आणि शेडच्या दारावर चार खिळ्यांनी ठोकला. 'निळा: जुळी: खुराक. लाल: एक: फक्त गवत.' खाली सही. तक्त्याची दुसरी प्रत बाबांच्या पलंगाशी लागली. बाबांनी तीन वेळा वाचली. त्यांच्या आयुष्यात त्यांना लॅमिनेट करून कोणी काही दिलं नव्हतं.

तीन आठवडे सगळं तक्त्याप्रमाणे चाललं. निळ्यांच्या गव्हाणीत खुराक पडायचा, लाल मेंढ्या कुंपणापलीकडून बघायच्या. ताईने पेंढा बदलला, पाणी बदललं, गव्हाणी लांबवल्या म्हणजे भित्र्या मेंढ्यांनाही तोंड घालायला जागा मिळेल. मग तिने पाठी चाचपायला घेतल्या. लोकर खोटं बोलते. आत हाडं उरली तरी बाहेरून मेंढी गादीसारखीच दिसते. म्हणून कंबरेपाशी अंगठा दाबून बघायचं असतं. लाल मेंढ्यांच्या पाठीवर तिच्या अंगठ्याला जिन्याच्या पायऱ्या लागल्या. निळ्यांच्या पाठीत अंगठा रुतला.

"साहेब, लाल मेंढ्या वाळल्यात."

"कुठे? मस्त गुबगुबीत दिसतायत."

"लोकर गुबगुबीत आहे. आत मेंढी राहिलेली नाही."

"ताई, तुझा अंगठा म्हणजे काही मोजमाप नाही. त्याचं युनिट काय?"

"अंगठाच."

"बघ. अंगठाछाप कारभार. असं सिस्टिममध्ये बसत नाही."

तिने सोनोग्राफीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो ताई, लाल म्हणजे जुळी! साहेबांना सांगितलं होतं ना मी, लिहून घ्या म्हटलं." ताई फोन हातात धरूनच साहेबाकडे गेली.

"फोनवर कोणीही काहीही म्हणतं," साहेब म्हणाला. "लेखी आहे का?"

"तुझ्याशी बोलू का म्हणतोय तो."

साहेबाने फोनकडे बघितलं, मग दाराकडे, मग आवाज खाली आणला. "ताई, समज असेल. पण तीन आठवडे झाले. बाबांनी तक्ता पाठ केलाय. आता बदलला तर ते विचारतील, तीन आठवडे काय केलंत? मेंढी जनावर आहे, सांभाळून घेते. अजून तीन आठवडे तर आहेत."

ती बाबांकडे गेली. बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, खिडकीतून दिसणाऱ्या अर्ध्या शेडकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगल्या जाड आहेत की. तुला तो आलेला खपत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून बघतोय."

तिसऱ्या दिवशी एक लाल मेंढी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खाईना, कान पाडलेले, दात करकरा वाजत होते. डॉक्टर आले, त्यांनी तिचं तोंड हुंगलं. चरबी जळायला लागली की श्वासाला गोडसर वास येतो. "खुराक चालू होता ना हिला?"

साहेबाने तक्त्याकडे बोट दाखवलं. "लाल आहे डॉक्टर. लालला नसतो."

"असं होय. मला वाटलं जुळी असतील," डॉक्टर म्हणाले. लेखी गोष्टीपुढे नाकाचं काय चालतं. ग्लुकोज पाजलं, सुई दिली, मेंढी दुपारी गेली. ताई म्हणाली पोट उघडून बघू. साहेब म्हणाला, मेल्यावर कसली तपासणी, तसा रकानाच नाही. आणि त्याने खड्डा खणून घेतला. वहीत त्याने कारण लिहिलं, 'म्हातारपण'. मेंढी तीन वर्षांची होती.

आता काय करायचं हे अगदी सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं. तक्त्याप्रमाणे गवत टाकत राहायचं, हात पुसायचे, आणि तीन आठवड्यांत लाल मेंढ्या अशा धडाधड पडल्या असत्या की बाबांना अर्ध्या खिडकीतूनही पूर्ण दिसलं असतं. कळप ताईचा झाला असता. फक्त तोवर कळप राहिला नसता.

एक दिवस तिने हे करून बघितलं. तक्त्याप्रमाणे गवत टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. आई कांदा चिरत होती. "अशी बसलीस का?" आईने विचारलं. "बरं वाटत नाही का?" अकरा वर्षांत या वेळेला ताई घरात बसलेली आईने पाहिली नव्हती. ताई म्हणाली, "बरं आहे." आणि अर्ध्या तासात उठली.

दुसऱ्या दिवशी साहेब 'आधुनिक मेंढीपालन' या विषयाच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेला. चपला, वही, टोपी, सगळं घेऊन. ताईने बाजारातून लाल आणि निळ्या रंगाचे दोन नवे डबे आणले. तक्ता बदलता येत नव्हता, लॅमिनेट केलेला होता. मग मेंढ्याच बदलायच्या.

लालवर निळा लावला तर जांभळा होतो, आणि जांभळ्याबद्दल तक्त्यात काहीच नव्हतं. म्हणून आधी ठिपक्यापुरती लोकर कातरायची, मग नवा ठिपका. तसंही व्यायच्या आधी शेपटीखालची आणि कासेजवळची लोकर कातरायची असतेच, म्हणजे पिल्लाला आचळ सापडतं. गाभण मेंढीला आडवं पाडायचं नसतं, म्हणून प्रत्येकीला उभ्यानेच गुडघ्यांत धरून, तिच्याशी काहीबाही बोलत. अठ्ठावीस लालच्या निळ्या झाल्या, अठ्ठावीस निळ्यांच्या लाल. ती एक मेल्यामुळे आकडासुद्धा जुळला. मेंढ्यांच्या कानात बिल्ले नव्हते. मेंढी चेहऱ्यावरून ओळखायची असते, असं बाबांचं तत्त्व होतं. ओळखायची फक्त ताई.

संध्याकाळी नव्या निळ्या मेंढ्यांपुढे तिने मूठभरच खुराक टाकला. उपाशी पोटात एकदम भरडा गेला की पोट फुगतं, म्हणून रोज थोडा थोडा वाढवायचा. अठ्ठावीस तोंडं एकदम गव्हाणीत गेली. ताईच्या कंबरेत कळ आली होती, कोपरापर्यंत हात निळे-लाल झाले होते, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की तिला स्वतःचाच राग आला.

साहेब शिबिराहून प्रमाणपत्र घेऊन आला. ते लॅमिनेट केलं. शेडमध्ये चक्कर मारून म्हणाला, "निळ्या जरा उतरल्या का ग?"

"जुळी आहेत पोटात. ओढतात," ताई म्हणाली.

"तेच म्हटलं. खुराक वाढव."

वेत सतरा दिवस चाललं. पहिल्या निळ्या मेंढीला जुळी झाली तेव्हा साहेब ओरडत घरात आला, "ताई, ये बघ! निळी! दोन!" दुसऱ्या निळीला जुळी, तिसरीला जुळी. लालला एक, लालला एक. "काय तो तुझा अंगठा!" तो म्हणाला आणि प्रेमाने तिच्या पाठीवर थाप मारली. ताईचा हात तेव्हा एका लाल मेंढीच्या आत मनगटापर्यंत होता. पहिले तीन आठवडे फुकटचा खुराक खाल्लेली ती मेंढी होती, कोकरू खांद्याशी अडकलं होतं. ताईने ते ओढून काढलं. तशी चार अडली. त्यांतली तीन कोकरं मेली, मेंढ्या वाचल्या. चौऱ्याऐंशीतली एक्क्याऐंशी कोकरं उभी राहिली. गावातल्या कोणाच्याच शेडमध्ये यंदा असं वेत झालं नव्हतं.

बाबांनी सगळ्यांना पलंगाशी बोलावलं. साहेबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कळप दिला. "सिस्टिम," ते म्हणाले. त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच वापरला आणि तो त्यांना आवडला. मग ताईकडे वळले, "तूही पुष्कळ मदत केलीस हो."

तेव्हा ताईने सगळं सांगितलं. फोन, फाटक, कात्री, दोन डबे. आईने पदर सारखा केला.

"म्हणजे तू रंग बदललेस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"गुपचूप?"

"सांगून तुम्ही ऐकलं नसतंत. सांगितलं होतंच."

"मग ती मेलेली मेंढी?"

"ती आधी मेली, बाबा."

"रंग बदलणारा माणूस तारीखही बदलू शकतो," बाबा म्हणाले. "आणि ती तीन कोकरं? तक्त्याशी खेळ केला नसतास तर तीही जगली असती."

"जाऊ दे ना बाबा," साहेब मोठ्या मनाने म्हणाला. "ताई आहे शेवटी. खुराकाचं काम तिच्याकडेच ठेवू. मला माणूस लागेलच."

तिने सोनोग्राफीवाल्याला पुन्हा फोन लावला. तो आधीच साहेबाशी बोलला होता. "ताई, मी लाल म्हणजे जुळी असंच म्हणालो होतो, शपथेवर सांगतो. पण तुमच्याकडे निळ्यांनाच जुळी झाली म्हणे, सगळ्यांनी पाहिलं. मग माझंच चुकलं असेल हो. साहेबांची माफी मागितली मी."

चौथ्या दिवशी शेडच्या दारावर नवा तक्ता आला, 'परवानगीशिवाय मेंढ्यांना रंग लावू नये.' ताईने तो वाचला, गव्हाणी भरल्या, व्यालेल्या मेंढ्यांच्या कासा तपासल्या, आईने दूर लोटलेलं एक कोकरू बाटलीने पाजलं. मग हात धुऊन एका कोऱ्या कागदावर, चांगल्या अक्षरात लिहायला बसली.

प्रति,
मा. पशुसंवर्धन अधिकारी

विषय: झालेले वेत रद्द करून पुन्हा घेण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, आमच्या कळपातील एक्क्याऐंशी कोकरे आपल्या कार्यालयाच्या देखरेखीखाली ज्याच्या त्याच्या आईच्या पोटात परत ठेवण्यात यावीत. मृत तीन कोकरांनाही तीच सवलत मिळावी. कातरलेली लोकर मूळ रंगासह मूळ जागी बसवण्यात यावी. त्यानंतर सदर मेंढ्यांना माझ्या धाकट्या भावाच्या तक्त्याप्रमाणे, अर्जदाराने मध्ये न पडता, सहा आठवडे चारा-खुराक देण्यात यावा, व जे होईल ते माझ्या वडिलांना त्यांच्या खिडकीतून संपूर्ण दिसेल अशा बेताने दाखवण्यात यावे.

मात्र सदर कारवाईत एकही मेंढी दगावणार नाही याची कार्यालयाने लेखी हमी द्यावी, ही विनंती.