एक वेल खोक्यात, एक उजेडात

मी मिनोरीची निळी कुंडी बोलतेय. प्लास्टिकची असले तरी कानांनी तिखट आहे. गॅलरीत राहून दुसरं करायचं काय?

पहिलीतल्या मुलांनी शाळेत कुंडीमध्ये पहाटे उमलणाऱ्या फुलांचं बी पेरायचं आणि उन्हाळी सुट्टी लागली की आयांनी घामाघूम होत ती घरी वाहून न्यायची, ही आमच्या जपानमधल्या सेंदाई शहराची रीत. आधी मी मिनोरीच्या दादाची होते. तेव्हा याच गॅलरीत निळ्या फुलांनी भरून जायचे. मग दादाचं नाव खरवडून तिचं चिकटवलं, आणि यंदा नुसती पानं. सुट्टी संपली की फुललेली कुंडी शाळेत न्यायची होती. मिनोरी रोज पानं उलटून कळ्या शोधायची.

शेजारच्या ओगाताकाकू आडोशावरून डोकावल्या. "खत घाल गं. माझ्या जाऊबाईंची बघ, कशी लगडलीय."

"घातलं, काकू. पानंच वाढली."

आई म्हणाली, "बाजारात फुललेली मिळते. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना."

संध्याकाळी जवाचा गार चहा पीत ती माझ्याशेजारी बसली. समोर यंदाच रात्रभर उघडं राहणारं दुकान आलंय. त्याची पाटी पेटली आणि माझी पानं दुपारसारखी चमकली. ती पाटीकडे बघतच राहिली.

"आई, हिला अंधारच मिळत नसेल तर?"

माझ्यात वेली दोन होत्या. एक तिने खाली वळवली. रोज दिवेलागणीला तिच्यावर खोकं घालायचं, सकाळी काढायचं. दुसरी उजेडात तशीच.

"आता अंगाईपण म्हण तिला," काकू म्हणाल्या.

सुट्टी सरत आली आणि खोक्यातल्या वेलीला कळ्या धरल्या. पहिलं फूल उमललं तेव्हा काकू हातात कंगवा घेऊनच बघायला आल्या, आणि त्या दिवशी सल्ला म्हणून दिला नाही. उजेडातली वेल मात्र नुसत्या पानांचीच.

शाळेच्या आदल्या दिवशी आई कात्री घेऊन आली. "ही भुंडी कापून टाकू. कुंडी छान दिसेल."

मिनोरी आडवी आली. "तीच नसली तर फुलं कशाने आली ते कसं कळणार?"

आईने कात्री खाली ठेवली. दोन्ही वेली अंगावर मिरवत मी शाळेत गेले.

आता थंडी आहे. माझ्यात उरलीय नुसती माती. माझं थोडं बी ओगाताकाकूंनी मागून नेलंय, खोक्यासकट. तुमच्या घरचं पोर असं काही झाकून-उघडून बघायला लागलं, तर एवढंच करा, कात्री जरा लांब ठेवा.