हात लावू नये

मी एक सीडी बोलतेय. हो, तीच गोल, चकचकीत, मधे भोक असलेली. तुमच्या घरातल्या माझ्या बहिणी एव्हाना चहाच्या कपाखाली गेल्या असतील, नाहीतर खिडकीत पाखरं हाकलायला लटकत असतील. त्यांच्यापेक्षा आपलं नशीब बरं, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यात प्लास्टिक वितळवून साच्यात दाबलं, त्यावर रंगाचा थर दिला, त्यावर चांदीसारखा मुलामा आणि सगळ्यात वर वार्निशचा एक पातळ हात. झाले तयार! पन्नासजणी एका दांडीवर ओवून दुकानात आलो.

मला घेतलं एका घड्याळजीच्या मुलीने. तिच्या आईच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलीने कॉम्प्युटरला माइक लावला आणि आईला म्हणाली, "बोल."

"काय बोलू? एरवी तोंडाला कुलूप नसतं माझ्या, आणि आज मेलं काही सुचेल तर शपथ!"

पण एकदा सुरुवात झाल्यावर बाई थांबल्याच नाहीत. कपाटाच्या किल्ल्या कुठे, विम्याचे कागद कुठे, लेकीने बापाशी वाद कसा घालायचा नाही. मधेच नवऱ्याला हाक, "अहो, चष्मा शोधू नका, कपाळावर आहे तुमच्या!" अशी पन्नास मिनिटं. ते सगळं प्रकाशाच्या किरणाने माझ्या अंगात बारीक ठिपक्याठिपक्यांनी भाजलं. त्या दिवसापासून मी कोरी राहिले नाही.

त्यानंतर बाई सहा वर्षं जगल्या, पाटीवर लिहून बोलल्या आणि गेल्या. मग बाबांना मीच उरले. दर रविवारी मला लावायचे आणि त्या ओरडल्या की चष्मा कपाळावरून खाली घ्यायचे. दुसरी प्रत काढून ठेवू, असं मुलगी दर वर्षी म्हणायची. ते आज-उद्या करत राहूनच गेलं, आणि मूळ रेकॉर्डिंगही जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलं.

बाबांनी मला जपलं मात्र अगदी घड्याळजीच्या हातांनी. कडेला धरायचे, मऊ फडक्याने चकचकीत बाजू पुसायचे. "ही बाजू म्हणजे घड्याळाची काच. ओरखडा पडला की संपलं," असं घरात सगळ्यांना बजावायचे. वरच्या बाजूला, भोकाजवळ, त्यांनी कापडी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं होतं, 'हात लावू नये'.

अहो बाबा, उलटं आहे हो सगळं! चकचकीत बाजूला नुसतं जाड प्लास्टिक. बाईंचा आवाज त्या दुसऱ्या बाजूला, वार्निशच्या खाली, केसापेक्षाही पातळ थरात, नेमका तुमच्या चिकटपट्टीच्या अंगाला. पण मी सांगणार कुठल्या तोंडाने?

गेल्या महिन्यात पट्टीच्या कडा सुटून तिच्यावर धूळ बसायला लागली. बाबांना असला गबाळेपणा खपत नाही. नवी पट्टी लावावी म्हणून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात पट्टीचं टोक धरलं आणि हळूच ओढलं. पट्टी आली, आणि तिच्याबरोबर माझा नखाएवढा मुलामाही आला. त्यांनी मला खिडकीकडे धरलं तर तिथून पलीकडचं आभाळ दिसलं. घाईघाईने यंत्रात घातलं. यंत्र घरघरलं आणि म्हणालं, डिस्क नाही.

माझ्यावर काय कुठे आहे याची यादी त्या भोकाजवळच असते. गेली ती तेवढीच. बाकी सगळं शाबूत होतं, पण यादीवाचून यंत्राला पुढचं पाऊल टाकता येत नाही.

मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथून तिने टाकाऊ सीडींचं खोकं आणलं आणि सकाळीच जेवणाच्या टेबलावर सोलायला बसली. आवाज नेमका कुठे असतो आणि सुटलेला तुकडा परत बसतो का, ते तिला बघायचं होतं. पट्टी लावायची, ओढायची. अख्खी चांदी कातडीसारखी निघून यायची आणि खाली काचेसारखं प्लास्टिक उरायचं. काही डीव्हीडी निघाल्या, दोन चकत्या चिकटवलेल्या; त्या तिने कडेत पातं घालून वेगळ्या केल्या. अशा चाळीसएक झाल्या. तुकडा पुन्हा बसला असा एकीचाही नाही. माझ्यासाठी माझ्याच बहिणी सोलल्या जात होत्या, आणि मी शेजारी पडून बघत होते. लाज वाटली.

मुलीला सगळं कळलं: आवाज चिकटपट्टीच्याच बाजूला होता आणि बाबांनी पट्टी ओढली तेव्हाच तो तुकडा निघाला. तेवढ्यात बाबा येऊन उभे राहिले.

"खरं सांग. माझ्या हातून झालं ना?"

ती हातातली पट्टी खाली ठेवत म्हणाली, "छे हो बाबा! सीडीच मुळात खराब निघाली. स्वस्तातली होती ना, थर आपोआप सुटला तिचा."

"तरी म्हटलं! माझा हात असा चुकायचा नाही." बाबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मग ते माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून जपली, आणि दगा दिला हिने! टाकून दे. डोळ्यांसमोर नको मला."

तिने मला खोक्यात सगळ्यात वर ठेवलं. नंतर गुपचूप काढून घ्यायचं तिच्या मनात असावं. पण ती शाळेत गेली, दारावरून भंगारवाला गेला, आणि बाबांनी खोकं स्वतःच्या हाताने त्याला देऊन टाकलं.

आता मी इथे ढिगात आहे. उद्या-परवा यंत्रात पडून माझा भुगा होईल. खराब नाही हो मी! बाई अजून माझ्यात बोलतायत, जवळजवळ पन्नास मिनिटं. कुणी जाणकार भेटला असता तर निघालाही असता त्यांचा आवाज. ते आठवलं की फार रडू येतं.

एकच मागणं आहे. घड्याळ दुरुस्तीला टाकायला गेलात आणि काउंटरमागे ते म्हातारे गृहस्थ भेटले, तर सीडी कशी बनते ते त्यांना सांगू नका. ते माझ्याबद्दल वाईट बोलतील. बोलू द्या. तुम्हीही म्हणा, खराबच निघाली असेल.